बिनतारी इंटरनेट : एका घरमालकिणीचा अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा शेजारच्या गावी होती आणि मुलींना एवढ्या लांब पाठवण्याची आमच्याकडे रीत नव्हती. चार बायकांत बसून बोलायला मला कधी अडचण पडत नाही, पण ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले की घशाला कोरड पडते. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसबाईंनी मला खरे म्हणजे गव्हाच्या कुरडयांवर बोलायला सांगितले होते. परंतु मागच्या भिशीला आपल्यातल्या दोघीजणींनी मला विचारले की, ते तारेवाचून मिळणारे इंटरनेट घ्यावे की घेऊ नये? मी तेव्हा तोंडदेखले काहीतरी उत्तर दिले. घरी गेल्यावर वाटले, या एका बाबतीत मी चांगले हात पोळून घेतले आहेत, मग ते सांगायचे सोडून कुरडयांवर काय बोलायचे? कुरडया तर आपणां सर्वांनाच माझ्याहून चांगल्या येतात.

मी लग्न होऊन हिंजवडीत आले तेव्हा येथे भाताची खाचरे होती, ज्वारी-हरभरा होता. माहेरी आमचे आजोबा रेडिओ लावून बसत. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, तेव्हा ते लहान होते. गावातल्या एका वाड्यात रेडिओ आला आणि सारा गाव त्या ओट्यावर जमला, ही गोष्ट ते आम्हांला नेहमी सांगत. तार नाही, दोरी नाही आणि पेटीतून माणूस बोलतो, याचे नवल त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. 'बिनतारी' हा शब्द मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकला.

पुढे एमआयडीसीने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क झाले, आणि आपल्या सर्वांचीच घरे बदलली. आमच्याही मामंजींनी उरलेल्या जागेवर इमारत बांधली. खाली आम्ही राहतो, वर नोकरी करणाऱ्या मुली राहतात. हल्लीच्या हिशेबाने त्या नऊ आहेत. शेती होती तेव्हा आम्ही पावसाकडे बघत होतो, आता भाडेकरूंकडे बघतो. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या मुली आपापल्या गावी गेल्या आणि दीड वर्ष वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा हे चांगले कळले. पूर्वी खोली पाहायला आलेला माणूस पहिल्यांदा पाणी किती वेळ येते ते विचारी. आता मुलगी उंबऱ्यात चप्पल काढायच्या आधी विचारते, "काकू, वायफाय आहे ना?"

तर आमच्याकडे आधी तारेचे इंटरनेट होते. केबलवाल्याची तार खांबावरून घरात आलेली. चालत असे बरे, पण आपल्या रस्त्यांची दशा आपण जाणताच. कधी गटारासाठी खणणार, कधी मेट्रोच्या कामासाठी, कधी नळासाठी. खणले की तार तुटे. तार तुटली की केबलवाला दोन दिवस फोन उचलीत नसे. २०२४ च्या मे महिन्यात एकदा सलग सहा दिवस तार तुटलेली राहिली आणि एक मुलगी खोली सोडून गेली.

त्याच सुमारास एक तरुण मुलगा आमच्या दाराशी आला. कोणत्या कंपनीचा ते मी सांगत नाही. मी मंडळात कोणाची बदनामी करायला उभी नाही, आणि शिवाय पुढे सांगणार आहे त्यात माझाही दोष आहे. हे इंटरनेट आता पुष्कळजण देतात. मोठ्या कंपन्यांपैकी जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला, पुण्यासह आठ शहरांत ते सुरू केले. एअरटेलने त्याच्या महिनाभर आधी दिल्ली-मुंबईत सुरू केले होते. त्याखेरीज लहानसहान मंडळी आहेतच. दारी आलेल्या त्या मुलाचे बोलणे मात्र मोठे गोड होते. "मावशी, तार नाही म्हणजे तुटायचा प्रश्नच नाही," असे तो म्हणाला. हे वाक्य मला इतके पटले की पुढचे मी काही विचारलेच नाही. बारा महिन्यांचे एकदम भरले तर पेटी बसवण्याचा खर्च माफ होता. साडेअकरा हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, मिळून १३,५७० रुपये मी भरले. आमच्या घरच्यांनी विचारले, "सगळे आधीच कशाला दिलेस?" त्यांच्या प्रत्येक गोष्टीला कशाला म्हणण्याच्या सवयीमुळे मी तिकडे लक्ष दिले नाही. त्या वेळी ते बरोबर होते हे मी येथे कबूल करते. घरी पुन्हा कबूल करायला सांगू नये.

हे यंत्र कसे चालते ते मला पेटी बसवायला आलेल्या कामगाराने आणि आमच्या मुलाने समजावून सांगितले. गच्चीवर एक पांढरी पेटी बसवतात. तिचे तोंड मोबाइलच्या टॉवरकडे करतात. टॉवरकडून येणाऱ्या लहरी ती पेटी धरते आणि तिच्यातून एक वायर खाली घरात येते. म्हणजे बिनतारी म्हटले तरी घरापुरती तार असतेच. घरात दुसरी पेटी असते, ती मग सर्व खोल्यांत वायफाय पसरवते. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी सुरू झाले, त्यामुळे या लहरींवरून पूर्वीपेक्षा पुष्कळच माल वाहून नेता येतो. लहरींचे गमक असे की, त्या जितक्या जलद कंप पावणाऱ्या तितका त्यांच्यातून माल अधिक जातो, पण तितक्याच त्या भिंतीला, झाडाच्या ओल्या पानांना आणि काँक्रीटला लवकर अडतात. आजोबांच्या रेडिओच्या लहरी लांबलचक होत्या, डोंगर ओलांडून यायच्या. या आखूड लहरींना समोरची एक इमारतही पुरते.

मुलाने मला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. अशाच अगदी आखूड लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काम केले होते आणि १८९५ साली लोकांसमोर तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. एकशे तीस वर्षे होत आली. आणि आपण ओझर-लेण्याद्रीच्या सहलीला गेलो होतो तेव्हा नारायणगावाकडे त्या प्रचंड थाळ्या दिसल्या, आठवते ना? आपल्यातल्या एकीने त्यांना सूर्यचुली म्हटले होते! त्या खोडदच्या दुर्बिणीच्या थाळ्या. अशा तीस थाळ्या तेथे आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि त्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात. आकाशातले ऐकायला एवढी थाळी लागते, आणि आमच्या गच्चीवरच्या पेटीला हाकेच्या अंतरावरचा टॉवर ऐकू येईना, हे पुढे घडायचे होते.

पहिले तीन महिने फार सुखाचे गेले. रस्ता खणला तरी आमचे इंटरनेट चालू. केबलवाल्याला मी मुद्दाम रस्त्यात थांबवून हे सांगितले. वरच्या मुली खूश होत्या. आता या ठिकाणी मला एक हिशेब सांगितला पाहिजे, जो मी आजवर चारचौघींत सांगितलेला नाही. मी प्रत्येक मुलीकडून वायफायचे म्हणून भाड्यावर ३०० रुपये घेत होते. नऊ मुलींचे महिन्याचे झाले २,७०० रुपये. मला खर्च येत होता अकराशे-साडेअकराशे. उरलेले पैसे माझ्या हातखर्चाला आणि भिशीला होत. यात काही वावगे आहे असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

ऑक्टोबरात आमच्या समोरच्या इमारतीचा पाचवा मजला चढला, मग सहावा, मग सातवा. वर हिरवी जाळी लागली. आणि आमचे इंटरनेट अडखळू लागले. सकाळी चाले, दुपारी चाले, संध्याकाळ झाली की मंद होई. त्याला दुसरेही कारण होते. एका टॉवरवर किती घरे लोंबकळतात त्याला सुमार नाही, आणि संध्याकाळी सगळीच घरे एकदम चित्रपट आणि क्रिकेट लावतात. आपल्या म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघते तेव्हा आपल्यापैकी कोणाचा फोन लागतो का? टॉवर तोच असतो, माणसे हजारो वाढतात. तसाच प्रकार आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी होऊ लागला.

मी तक्रार करायला फोन लावला. पहिल्यांदा यंत्र बोलते. हे हवे असेल तर एक दाबा, ते हवे असेल तर दोन दाबा. मला जे हवे होते त्याचा आकडाच त्यात नव्हता. माणूस मिळेपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. माणूस मिळाला तो फार आदबीने बोलला. म्हणाला, "मॅडम, पेटी बंद करून पुन्हा चालू करा." केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, दुसरा माणूस, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झालेले आहे, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात ना? त्या वेळी वरच्या मजल्यावरून मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता. असे निवारण माझ्या तक्रारीचे एकूण पाच वेळा झाले.

मुली विचारत, "काकू, काय झालं?" मी म्हणे, "कंपनीला सांगितलंय, होईल." महिनाभर मी हे एकच उत्तर देत राहिले.

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

आमच्याकडे अमरावतीकडची एक मुलगी राहत होती. तिच्या कंपनीने माणसे कमी केली त्यात तिची नोकरी गेली होती. घरी तिने कळवले नव्हते. धाकट्या भावाचे शिक्षण तिच्या पगारावर चाललेले. रोज ती जेवणाच्या डब्याचे पैसे मोजून काढी ते मला दिसत होते. नोव्हेंबरात तिला एका ठिकाणची मुलाखत मिळाली. मुलाखत घेणारे विलायतेत, म्हणून वेळ आपल्याकडची संध्याकाळी सातची, आणि सगळे बोलणे पडद्यावर. आदल्या दिवशी ती खाली आली. मी कोथिंबीर निवडत होते. तिने विचारले, "काकू, उद्या सातला नेट चालेल ना? नाही तर मी मैत्रिणीकडे बाणेरला जाते."

भगिनींनो, गेल्या आठ संध्याकाळी ते चालले नव्हते हे मला ठाऊक होते. पण नाही म्हटले असते तर ती विचारणार, मग तीनशे रुपये कशाचे घेता? ती विचारणार म्हणजे नऊही जणी विचारणार. मी कोथिंबिरीवरून मान वर न करता म्हणाले, "चालेल गं. मी कंपनीला सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी ती जिन्यावरून धावत खाली आली. अंगावर चांगला कुडता, कानांत ते यंत्र, हातात फोन. पडद्यावरचे साहेब गोठून गेले होते. फोनच्या इंटरनेटवर ती आमच्या ओट्यावर उभी राहून बोलू लागली. समोर सिमेंटचे यंत्र घरघरत होते, रस्त्यावर कंपन्या सुटल्याची गर्दी, हॉर्न. ती एका कानावर हात दाबून इंग्रजीत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. मला इंग्रजी येत नाही, पण "ऐकू येतंय का" हे कोणत्याही भाषेत कळते. पंधरा मिनिटांनी ते बोलणे संपले.

ती मला एक शब्दही बोलली नाही. भांडली असती तर मी भांडले असते आणि मन मोकळे झाले असते. रात्री ती पाण्याची बाटली भरायला खाली आली तेव्हा तिने एवढेच विचारले, "काकू, तुम्हाला माहीत होतं का, चालणार नाही म्हणून?"

मी म्हणाले, "हो."

ती बाटली भरून वर गेली. ती नोकरी तिला मिळाली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कंपनीने मला पाच वेळा सांगितले की झाले, झाले. आणि मी कंपनीला शिव्या दिल्या. त्या मुलीने कंपनीचे तोंडही पाहिले नव्हते. तिने पैसे मला दिले होते आणि चालेल असे मीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलाची एक कोरी वही घेतली आणि लिहायला बसले. लिहिण्याची सवय सुटलेली, पण आकडे तर लिहिता येतात. रोज सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला इंटरनेटचा वेग मोजायचा आणि तारीखवार लिहायचा. वेग मोजण्याची सोय मोबाइलवर फुकट असते. आम्हांला सांगितलेला वेग होता १०० एमबीपीएस. वहीत रात्रीचे आकडे आहेत : ६, ४, ९, ३, पुन्हा ४. येथे एक गंमत सांगते. हे १०० म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फोटो-चित्रपट आपण मोजतो ते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरचा पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येणार. हे कोणी फसवणुकीने करत नाही, मापच तसे आहे. पण पायली आणि शेर यांतला फरक गिऱ्हाइकाने माहीत करून घ्यावा. आणि त्या जाहिरातीत शंभरच्या मागे 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरांत होता, तो मी वही घातल्यावर प्रथम वाचला.

पंधरा दिवसांनी कंपनीने पाठवलेला कामगार आला. हाच पहिल्यांदा पेटी बसवून गेला होता. गच्चीवर चढला, समोरच्या इमारतीकडे बघितले, आणि खाली येऊन चहा घेताना म्हणाला, "काकू, खरं सांगू का? ती इमारत काही हटणार नाही आणि टॉवरही हलणार नाही. मी पेटी कुठंही लावली तरी फार फरक पडणार नाही. तुम्ही उरलेले पैसे परत मागा. मी सांगितलं म्हणून सांगू नका." त्याचे नाव मी आजवर कोणाला सांगितलेले नाही आणि आजही सांगणार नाही. त्याने आणखीही एक सांगितले, ते मात्र मला बोचले. म्हणाला, "पण काकू, ही एका घराची जोडणी आहे. हिच्यावर नऊजणी आणि तुम्ही तिघं, बारा माणसं. वेग चांगला असता तरी हे पुरलं नसतं."

पैसे परत मागायचे म्हणजे कसे, ते अमरावतीच्या त्याच मुलीने शोधून काढले. मी तिला सांगितले नव्हते. तिने वही पाहिली आणि आपण होऊन शेजारी बसली. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला ट्राय म्हणतात, ते १९९७ साली स्थापन झाले. त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीला दोन पायऱ्या आहेत. पहिली कंपनीच्या तक्रार केंद्राकडे; तेथे तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे. तेथे समाधान झाले नाही तर दुसरी पायरी, कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी इतके दिवस फोनवर बोलत होते, पण क्रमांक लिहून घेतच नव्हते! ज्या तक्रारीला क्रमांक नाही ती तक्रार त्यांच्या दृष्टीने झालेलीच नसते. पाचपैकी दोन क्रमांक मोबाइलवरच्या संदेशांत सापडले.

अपिलात आम्ही सगळे लिहिले. नऊ मुलींची गोष्ट लिहावी की नाही यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणाले, नको लिहू. ती म्हणाली, "काकू, त्यांना दिसतंच किती फोन जोडलेत ते." मग लिहिले. उत्तर इंग्रजीत आले. त्यात अपेक्षेप्रमाणे तेच होते, की जोडणी घरगुती वापरासाठी आहे. पण वेगाचे आकडे त्यांना नाकारता आले नाहीत, कारण मुलीने प्रत्येक आकड्याचे चित्र जोडले होते. जानेवारी २०२५ अखेर जोडणी बंद करून उरलेल्या साडेचार महिन्यांचे पैसे देण्याचे त्यांनी कबूल केले, पेटी काढण्याचा खर्च वजा करून. चार हजारांवर थोडे रुपये बँकेत आले. ते येईपर्यंत आणखी सहा फोन करावे लागले, ते वेगळेच.

ते मिळाले नसते तर पुढचाही रस्ता होता, तो भगिनींनी लक्षात ठेवावा. ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी २००९ सालच्या एका निकालावर बोट ठेवून टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयातून परत पाठवीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अशा तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात. २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे तक्रारीची फी नाही. ग्राहक पंचायतीचे काम १९७४ साली आपल्या पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केले. एवढे सगळे आपल्या दाराशी असून मी यंत्राशी एक दाबा, दोन दाबा खेळत बसले होते.

पैसे आल्यावर मी मुलींना नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांचे प्रत्येकी नऊशे रुपये परत दिले. ८,१०० रुपये झाले. कंपनीचे चार हजार आणि बाकीचे माझ्या भिशीतले. आमच्या घरच्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणे केले नाही. "कंपनीनं तुला निम्मे दिले आणि तू पोरींना दुप्पट दिलेस, हा कुठला व्यापार?" असे त्यांचे म्हणणे. हिशेबाने ते पुन्हा बरोबर होते.

आता बिनतारी इंटरनेट वाईट असे मी म्हणते की काय? मुळीच नाही. माझ्या नणंदेचे घर नेऱ्याच्या बाजूला आहे. तिकडे अजून तार पोचलेली नाही. गच्चीवरून टॉवर सरळ दिसतो, मध्ये नुसती शेते. तिच्याकडे दीड वर्ष उत्तम चालले आहे आणि तिची सून घरी बसून नोकरी करते. माणला आमच्या ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांचेही चांगले चालते; फक्त वीज गेली की बंद पडते, कारण गच्चीवरची पेटी आणि घरातली पेटी दोन्हींना वीज लागते. त्यांनी इन्व्हर्टरवर जोडून घेतले. आमच्या शेजारच्या वहिनींची तर निराळीच कथा. त्यांचे इंटरनेट रोज सकाळी आठला आणि रात्री साडेआठला जाई. कंपनीची माणसे तीनदा येऊन गेली. शेवटी आमच्या मुलाने पाहिले तर वायफायची पेटी ठेवली होती मायक्रोवेव्हच्या डोक्यावर! वायफायची एक जात आणि मायक्रोवेव्हची भट्टी साधारण एकाच कंपनावर चालतात. वहिनी दूध तापवीत तेव्हा इंटरनेट जाई. पेटी दिवाणखान्यात उंच ठेवली आणि सगळे सुरळीत झाले. कंपनीला तीन महिने बोल लावल्याबद्दल त्यांना अजून हसू येते.

म्हणून त्या दोघी मैत्रिणींना माझे सांगणे असे की, जाहिरात पाहू नका, गच्चीवर जा. टॉवर कोणत्या बाजूला आहे आणि मध्ये काय आहे ते पाहा; आणि आपल्या हिंजवडीत आज मोकळा दिसणारा प्लॉट पुढच्या दिवाळीला मोकळा असेलच असे नाही, हेही धरून चाला. त्याच गल्लीत, त्याच बाजूला ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा, आणि विचारायचे ते रात्री नऊला कसे चालते हे. वर्षाचे पैसे आधी देऊ नका, पेटी बसवण्याचे हजारभर रुपये पडले तरी चालतील, एकेक महिना भरा. आणि फोन केला की आधी क्रमांक लिहून घ्या.

आमच्याकडे आता पुन्हा तार आली आहे. वरच्या मजल्याला एक आणि आम्हांला एक अशा दोन जोडण्या घेतल्या, आणि मुलींकडून जेवढा खर्च येतो तेवढाच नऊ ठिकाणी वाटून घेते. रस्ता खणला की तार तुटते. मग मी जिन्यात पाटीवर खडूने लिहून ठेवते : 'आज नेट नाही. कधी येईल माहीत नाही.'

अमरावतीची मुलगी मार्चमध्ये नोकरी लागून बंगळूरला गेली. पहिल्या मुलाखतीच्या ठिकाणी पगार जास्त होता, हे तिने जाताना सांगितले. अधूनमधून तिचा फोन येतो. वही मात्र माझ्याकडे आहे. ज्यांना नवीन जोडणी घ्यायची असेल त्यांनी दुपारी तीननंतर केव्हाही यावे, मी दाखवीन. अपिलाची प्रतही तिच्यातच चिकटवलेली आहे. गुरुवारी मात्र येऊ नये, त्या दिवशी मी बाजाराला जाते.

माझा वेळ संपल्याची खूण चिटणीसबाई मघापासून करीत आहेत. तेव्हा मी खाली बसते.